मिल्क लेगच्या नऊ साक्षी

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी कधीच मान्य केलंय. ऑफिसात काही जणांना अजून आशा होती. ती मोठ्या साहेबांनी माझी बदली रेकॉर्ड रूममध्ये केली त्या दिवशी संपली. झालं काय होतं, तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी त्यांना विचारलं, की कॉम्प्युटर तीन आणि बसणारी माणसं नऊ, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी हातात कागद आला: जुन्या नोंदींचे संगणकीकरण, रेकॉर्ड रूम, तळमजला, मागची बाजू.

आमचं हॉस्पिटल जुनं आहे. गावात दुसरं मोठं हॉस्पिटल कधी झालंच नाही, त्यामुळे इथला बहुतेक माणूस इथेच जन्मतो आणि बराचसा इथूनच जातो. त्या सगळ्या येण्याजाण्याची शंभर वर्षांची रजिस्टरं मागच्या खोलीत होती. खोलीला एकच खिडकी, तीही लाँड्रीच्या भिंतीवर उघडणारी. दिवसभर ओल्या चादरींचा आणि सोड्याचा वास. लोखंडी मांडण्यांच्या मधोमध स्टुलावर साठीला आलेले एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाच्या पट्टीवर ओळीनं पंधरा-वीस टाचण्या टोचलेल्या होत्या.

"या ताई," ते म्हणाले. "त्या खुर्चीवर नका बसू. तिचा भरवसा नाही."

हे टाचणीकाका. हॉस्पिटलात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. आठवी पास. एकोणिसाव्या वर्षी हमाल म्हणून लागले, ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलायला. पाठ धरली म्हणून रेकॉर्ड रूममध्ये टाकलं, ते तिथेच चाळीस वर्षं राहिले. बायको फार पूर्वी वारली, मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला, रविवारी फोन करतो. एवढी माहिती मला लिफ्टमननं पहिल्याच दिवशी पुरवली, आणि वर म्हणाला, "माणूस चांगला आहे, फक्त थोडा सरकलेला आहे. इंग्रजी शब्द पाळतो."

मला वाटलं, चला, नशीब. आता याचीही करमणूक आपल्याच गळ्यात.

माझं काम सोपं होतं. रजिस्टर उघडायचं, एकेक नोंद कॉम्प्युटरमध्ये भरायची. नाव, वय, तारीख, आणि शेवटी आजार. आजार टाइप करायचा नव्हता. पडद्यावर चारशे बारा आजारांची यादी यायची, त्यातून एक निवडायचा. दिवसाला ऐंशी नोंदी झाल्या पाहिजेत, असा वरून हुकूम. आता शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनी आमची यादी बघून थोडंच लिहिलं होतं? पहिल्याच पानावर 'ड्रॉप्सी' आलं. यादीत ड्रॉप्सी नाही. मी 'इतर' वर बोट ठेवलं आणि पुढे गेले. मग 'क्विन्सी'. इतर. मग 'टीथिंग', म्हणजे दात येणं, वय नऊ महिने. दात येऊन कुणी मरतं का? इतर.

"ताई," मागून आवाज आला. काका कधी येऊन उभे राहिले होते, कळलं नाही. "एक सांगू? राग नका मानू. तुम्ही माणसांची मरणं बदलताय."

राग आमच्या नाकावर बसलेलाच असतो. मी म्हटलं, "मग तुम्ही भरा. मी सिलिंडर ढकलते."

ते हसले. जाऊन मांडणीच्या खालून सलाईनचं एक रिकामं खोकं ओढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आत गठ्ठे होते. एक्स-रेची जुनी तपकिरी पाकिटं कापून केलेली कार्डं, प्रत्येक गठ्ठा डाव्या कोपऱ्यात टाचणीनं टोचलेला. अशी खोकी अकरा होती, हे मला नंतर कळलं. वरच्या गठ्ठ्यावर ड्रॉप्सी लिहिलेलं, इंग्रजी अक्षरात, शाळेतल्या पोरानं काढावं तसं गोल अक्षर. खाली एकेका कार्डावर एकेक नोंद. कुठलं साल, कुठला वॉर्ड, कुणी लिहिलं, आणि त्या माणसाला काय काय होत होतं. एकाचे पाय सुजलेले, बोट दाबलं की खड्डा पडायचा. एकीच्या पोटातून बादलीभर पाणी काढलं. एक माणूस सहा महिने खुर्चीतच झोपला, आडवं झालं की त्याला श्वास घेता येईना.

"अंगात पाणी साठतं, त्याला ड्रॉप्सी म्हणायचे," काका म्हणाले. "कुणाचं हृदयामुळे, कुणाचं मूत्रपिंडामुळे. डॉक्टरांना तेव्हा एवढंच दिसायचं. पण दिसायचं ते नीट लिहायचे."

"हे डिक्शनरीत असेल की. एवढा खटाटोप कशाला?"

"डिक्शनरी आहे माझ्याकडे. रद्दीतून घेतली. डिक्शनरीत शब्दाचा पत्ता मिळतो, ताई. घरी जाऊन बसल्याशिवाय माणूस कळतो का?"

त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी कुणाला विचारून ठरवली नव्हती. एका नोंदीवरून शब्दाचा अर्थ धरायचा नाही. तीन साक्षी लागतात, वेगवेगळ्या सालच्या, जमलं तर वेगवेगळ्या हातच्या. तीन ठिकाणी तो शब्द एकसारखा वागला, की मगच गठ्ठ्यावर मराठीत अर्थ लिहायचा. तोवर कार्डाच्या माथ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. काही गठ्ठे वीस वर्षं प्रश्नचिन्हावर थांबलेले होते आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. माझं तर बस दहा मिनिटं उशिरा आली तरी डोकं फिरतं.

पहिला शब्द त्यांना कसा सापडला, ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. 'एग्यू' असा शब्द पानापानांवर होता. हेडक्लार्कला विचारलं, तर तो म्हणाला, तुला काय करायचंय, रजिस्टरं झाड. मग काका झाडता झाडता बघत राहिले. एग्यूचे रोगी ठरावीक महिन्यांत येतात, खड्ड्यांतून पाणी साठलेलं असतं तेव्हा. एक दिवसाआड थंडी वाजून ताप. औषधाच्या रकान्यात क्विनीन. चार महिन्यांनी एका दुपारी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की हा तर आपला हिवताप.

"सांगणार कुणाला?" काका म्हणाले. "तसाच घरी गेलो, चालत. सायकल इथेच विसरलो."

मी आयुष्यात पदवी घेतली, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, पण असं काही कळलं म्हणून सायकल विसरावी, असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला. मग मी रोज एक शब्द मागायला लागले. काम करता करता, म्हणजे ऐंशीचा आकडा चुकायला नको. अपोप्लेक्सी म्हणजे मेंदूचा झटका, कटार म्हणजे सर्दी-पडसं, कन्झम्प्शन म्हणजे क्षय. जुन्या एका मेट्रनच्या दिवसवह्या होत्या, खाटेखाटेपाशी फिरून तिनं रोज लिहिलेल्या. तिचं इंग्रजी तिच्याही काळात जुनं असणार. आठवड्याला ती 'सेन्नाइट' म्हणायची, म्हणजे सात रात्री. तारखेपुढे 'इन्स्टंट' लिहायची, म्हणजे चालू महिन्याची. मी म्हटलं, मला वाटलं कॉफी. काका त्यावर इतके हसले, की लाँड्रीतली बाई खिडकीशी येऊन बघून गेली.

त्याच वहीत एके दिवशी 'क्विकनिंग' आलं. 'क्विकनिंग फेल्ट, टेन्थ इन्स्टंट.'

"क्विक म्हणजे आपण म्हणतो झटपट," काका म्हणाले. "पण फार जुन्या इंग्रजीत क्विक म्हणजे जिवंत. पोटातलं बाळ पहिल्यांदा हलतं ना, बाईला कळतं की आत कुणीतरी जिवंत आहे. त्याला हा शब्द. बाईनं लाजत सांगितलं असेल आणि मेट्रननं तारीख घालून लिहून ठेवलं."

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. माझ्या धाकट्या बहिणीचा आदल्याच आठवड्यात फोन आला होता. "ताई, आज हललं गं." मी तेव्हा भाजी चिरत होते, 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला होता. आणि इथे नव्वद वर्षांपूर्वीच्या कुणा बाईच्या त्याच गोष्टीला कुणीतरी एक अख्खा शब्द दिला होता.  संध्याकाळी मी धाकटीला फोन केला आणि नीट विचारलं, कसं हललं, कुठल्या बाजूला. तिला वाटलं मला ताप आलाय.

धाकटीचं पहिलंच बाळंतपण. दोन-तीन महिन्यांनी, सातवा संपत आला तेव्हा, ती माहेरी आली. आणि आमच्या घरात एक गोष्ट होती जी कुणी बोलायचं नाही. पणजी, म्हणजे आईच्या आईची आई, तिसऱ्या बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत गेली. आजीची धाकटी बहीण पहिल्याच बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी गेली. दोघीही चालत्याबोलत्या, हिंडत्याफिरत्या, एकाएकी. दोघीही याच हॉस्पिटलात. आजी वाचली, पण तिचा डावा पाय उजव्याच्या दीडपट होता. एका मापाची चप्पल तिला कधी झाली नाही, दोन जोड्या घ्यायच्या आणि प्रत्येकीतली एकेक टाकून द्यायची. आमच्या आईनं दोन बाळंतपणं सोसली, पण तीही जीव मुठीत धरून. 'आपल्या घरातल्या बायकांना बाळंतपण मानवत नाही' एवढंच एक वाक्य आई कधीतरी बोलायची आणि मग दोन दिवस गप्प असायची.

धाकटी वरून हसत होती. पण एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना मला म्हणाली, "ताई, पहिले दहा दिवस निघाले ना, की मी सुटले. मी मोजणार आहे."  मी म्हटलं, "वेडी आहेस का? मोजायचं तर बाळाची बोटं मोज." आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

पुढच्या तपासणीला मी तिच्याबरोबर होते. प्रसूती विभागाच्या डॉक्टरीणबाई तरुण, चटपटीत. त्यांनी विचारलं, घरात कुणाला बाळंतपणात काही त्रास? आई मूग गिळून बसली. धाकटीनंच सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "कशानं गेल्या, ते कळेल का? दोघींना एकच आजार असेल तर मला काळजी घ्यावी लागेल. वेगवेगळं असेल तर योगायोग." आणि मग तिच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "पाय दुखतो म्हणालात ना? थोडी सूज सगळ्यांनाच येते. पण मला ते कारण कळलं तर बरं होईल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? मी दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या कॉम्प्युटरमध्ये शोधलं. ती सालं माझी भरून झाली होती. दिवसाला ऐंशी नावांच्या नादात माझ्याच घरातल्या दोन बायका माझ्या हाताखालून गेल्या आणि मला पत्ता नव्हता. काका त्या आठवड्यात मुलाकडे गेले होते, म्हणून टोकायलाही कुणी नव्हतं. पणजीपुढे मी निवडलं होतं: हृदय, मूर्च्छा. आजीच्या बहिणीपुढे: दूध पाजण्याशी संबंधित विकार. मूळ रजिस्टरं काढून पाहिली. पणजीचा शब्द 'सिन्कोपी', तो मी यादीत मूर्च्छेखाली घातलेला. दुसरीचा 'मिल्क लेग'. दुधाचं काहीतरी म्हणून दुधाखाली घातलेला.

दोन वेगळे आजार. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथूनच घरी फोन केला. आई रडायलाच लागली, सुटल्याचं रडणं. धाकटी म्हणाली, "ताई, खरं ना? मग मी मोजत नाही आता." मी म्हटलं, खरं.

मग मी काकांकडे गेले, बढाई मारायला. सगळं सांगितलं. ते आधी हसतमुखानं ऐकत होते. 'मिल्क लेग' म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला.

"तो शब्द तुम्ही कशात घातलात?"

मी सांगितलं.

ते उठले आणि सरळ सातव्या खोक्यातून गठ्ठा काढला, न शोधता. नऊ कार्डं होती. गठ्ठ्यावर मराठीत अर्थ लिहिलेला नव्हता आणि प्रश्नचिन्हही नव्हतं. त्यांनी पहिलं कार्ड वाचलं, मेट्रनच्या शब्दांत, आणि मग मला मराठीत सांगितलं. बाळंतपणाचा सातवा दिवस. डावा पाय मांडीपासून सुजलेला, पांढराफटक, ताणलेला. ताप फारसा नाही. दूध पायात उतरलं असं तेव्हा समजायचे, म्हणून मिल्क लेग. दुधाचा त्यात काही संबंध नाही. दुसरं कार्ड तसंच. तिसरं तसंच. चौथ्यात बाई उठून बसली, छातीला हात लावला आणि गेली. पाचव्यात बाई खिडकीपर्यंत चालली आणि गेली. सहावी माझ्या आजीची बहीण होती. तारीख जुळली, खाट जुळली, दहावा दिवस जुळला.

सातवी वाचली होती. 'सहा आठवडे खाटेवर ठेवली. घरी सोडली. पाय मोठाच राहिला.' साल बघून मी काकांच्या हातातून कार्ड घेतलं. नाव माझ्या आजीचं होतं.

चपलांच्या त्या दोन जोड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी त्या बिनभरवशाच्या खुर्चीवर बसले.

"पण पणजी?" मी म्हटलं. "तिचा शब्द तर सिन्कोपी आहे."

"तेव्हाचे डॉक्टर," काका म्हणाले, "कुणी एकाएकी गेलं आणि कारण कळलं नाही, की सिन्कोपी लिहायचे. माझ्याकडे चाळीस साक्षी आहेत. त्या शब्दाचा अर्थ मूर्च्छा खरा, पण या रजिस्टरात त्याचा अर्थ आहे, 'मला माहीत नाही.' तारीख सांगा."

शिडी लावून त्यांनी वरच्या फळीवरची दिवसवही काढली.  मेट्रनची तिरकी, बारीक अक्षरं. माझ्या पणजीला मी कधी पाहिलं नाही, तिचा फोटोही नाही. आणि तिथे ती होती. 'डावा पाय जड वाटतो म्हणते. मांडी पांढरी, मोठी. आज उठायचं नाही असं बजावलं. दुपारी ऐकलं नाही, मोठ्या मुलींसाठी केस विंचरायची फणी शोधायला उठली. श्वास अडकला. डॉक्टर यायच्या आत संपलं.' त्या दोन मोठ्या मुलींपैकी एक माझी आजी. कुणा परक्या बाईनं ते सगळं पाहिलं आणि ओळीत लिहून ठेवलं, आणि तो कागद इतकी वर्षं आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर पडून होता. मला रडू आलं नाही. मी नुसती त्या अक्षरांकडे बघत राहिले. देवळात गेल्यावरही मी इतकी गप्प कधी उभी राहिले नव्हते.

"रक्ताची गुठळी," काका हळूच म्हणाले. "पायात होते. सुटली की छातीत जाते. आणि आई, लेक, नात अशी चालत आली तर रक्तातच काहीतरी आहे. मी डॉक्टर नाही. पण शब्द मला माहीत आहे."

"धाकटीचा पाय दुखतोय, काका," मी म्हटलं. "डावाच."

ते गठ्ठा उचलायला गेले आणि शेवटचं कार्ड खाली पडलं. मी उचललं. त्यावरची शाई निळी होती, बाकीच्यांची काळी. "ते राहू दे," काका म्हणाले. पण माझा स्वभाव. मी वाचलंच. साल तीस वर्षांपूर्वीचं. वय बावीस. बाळंतपणाचा आठवा दिवस, डावा पाय. नवऱ्याचं नाव हजेरीपटावर असतं ते, काकांचं.



"माझ्याकडे तेव्हा पाच साक्षी होत्या," काका म्हणाले. "सगळे म्हणत होते, बाळंतिणीला सूज येतेच. मला पाय बघितल्याबरोबर शब्द आठवला. डॉक्टरांच्या खोलीबाहेर दीड तास उभा होतो, ही कार्डं घेऊन. शर्ट मळलेला होता. मनात म्हटलं, आठवी पास हमाल, मी डॉक्टरांना काय शिकवणार? हसतील. दार लोटलं नाही. परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळाला घ्यायला उठली."

मी निळ्या शाईचं कार्ड परत गठ्ठ्यात घातलं. 

त्यांनी खिशाच्या पट्टीवरची एक टाचणी काढली, पणजीची नोंद भराभर एका कार्डावर उतरवली, गठ्ठ्याला टोचली. "चला," म्हणाले.

ओपीडीबाहेर चाळीस बायकांची रांग होती. दाराशी सिस्टर म्हणाली, "काका, फाइल ठेवा टेबलावर, बाई बघतील." काका थांबले. त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता आणि मला दिसत होतं की तो हलत नाही. मी ढकललं असतं दार, माझं काय, मी मोठ्या साहेबांचंही ढकलते. पण मी हात मागे धरून उभी राहिले. आजपर्यंत इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

"फाइल नाही," काका सिस्टरला म्हणाले. "मला बोलायचंय." आणि त्यांनी दार लोटलं.

आत त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं, सगळी दहा कार्डं, मेट्रनच्या इंग्रजीत. त्यांचे उच्चार कुणी न शिकवलेले, अडखळते. डॉक्टरीणबाई पहिल्या कार्डाला घड्याळ बघत होत्या. तिसऱ्याला पेन खाली ठेवलं. निळ्या शाईचं कार्ड त्यांनी वगळलं नाही, तेही वाचलं, नाव सोडून.

"हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही जे वाचलंत, ते मी ओळखते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बहिणीला आत्ता घेऊन या. उद्या नाही. चालवू नका, रिक्षा दारापर्यंत आणा."

पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली. डाव्या मांडीत गुठळी होती. पडद्यावर ती मला दाखवली तेव्हा माझे डोळे पांढरे झाले, इतकीशी, करड्या रंगाची. आमच्या घरातल्या दोन बायका तिनं नेल्या होत्या आणि तिसरीचा पाय. त्याच दिवशी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. पुढे रक्ताची तपासणी झाली, दोष रक्तातच निघाला, आईच्याही आणि माझ्याही. धाकटी बाळंतपणापर्यंत रोज पोटावर इंजेक्शन घ्यायची आणि मला शिव्या घालायची. मुलगी झाली. इंजेक्शनं नंतरही दीड महिना चालली. दहावा दिवस आला तेव्हा आई सकाळपासून धाकटीच्या खाटेशी बसून होती आणि धाकटी तिच्यावर वैतागत होती, "आई, जरा उजेड सोड." संध्याकाळ झाली, अकरावा दिवस उजाडला, आणि आईनं आयुष्यात पहिल्यांदा ती पणजीची गोष्ट पूर्ण, मोठ्यानं सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. जुने शब्द यादीत कोंबू नयेत, मूळ शब्दासाठी वेगळा रकाना हवा, शेऱ्यासाठी एक हवा, आणि रेकॉर्ड रूममधल्या कार्डांची प्रत प्रसूती विभागात असावी. साहेबांनी मला बोलावून विचारलं, आता झालेल्या सगळ्या नोंदी परत करायच्या का? मी म्हटलं, हो, आणि चूक माझी आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. अशी वाक्यं त्यांनी माझ्या तोंडून ऐकली नव्हती.

परत करायला घेतल्या. काका शेजारी बसून शब्द सांगायचे, मी भरायची. सालं पुढे सरकत गेली. एका सकाळी तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर उघडलं. मी पान उलटलं, तर काकांच्या बायकोची नोंद. डॉक्टरांनी लिहिलेलं कारण 'कार्डियाक फेल्युअर'.

"मूळ शब्द आहे तसाच ठेवा," काका म्हणाले. "रजिस्टरात खाडाखोड करायची नाही."

"आणि शेरा?"

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. कीबोर्डला त्यांनी तोवर कधी हात लावला नव्हता. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागले. चार-पाच मिनिटं गेली. मी मदत केली नाही. 'मिल्क लेग, लेफ्ट' असं इंग्रजीत लिहून झालं. मला वाटलं संपलं. पण बोट पुन्हा अक्षरं शोधायला लागलं. त्यापुढे त्यांनी आणखी दोन शब्द लिहिले, 'हजबंड न्यू'. नवऱ्याला माहीत होतं.

मी ते पुसायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"काका," मी म्हटलं, "माझी बहीण जिवंत आहे. घरी आहे. पोरगी रात्रभर रडते म्हणून सकाळी मला फोन करून भांडत होती."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

"हो का," म्हणाले. "मग तेही कुठेतरी लिहा, ताई."

रजिस्टरात त्याला रकाना नाही, म्हणून इथे लिहिलंय.